सरासरी

ओन्दा गावात फरशा भाजतात.
भट्टी शंभर मीटर लांब.
एका तोंडातून कच्ची फरशी रुळांवर सरकत आत जाते,
पाऊण तासानं दुसऱ्या तोंडातून पक्की निघते.
भट्टी विझवायची नसते.
नाताळात नाही,
थोरले मालक गेले त्या दिवशीही नाही.

मी रेमेई. पगारपत्रक माझ्याकडे.
एकतीस वर्षं उभे रकाने, आडव्या ओळी.
माणूस म्हणजे आडवी ओळ.

तेजीत ओळी उतू जायच्या.
समुद्रकाठी रोज नवी इमारत,
इमारतीत चाळीस न्हाणीघरं,
आणि आम्ही फक्त भिंती मोजायचो.
गुरुवारी रुमानियाहून बस यायची.
योनेल तिच्यातूनच उतरला,
पायात मेहुण्याचे बूट, एक आकडा मोठे.
तीन महिन्यांचा करार. मग आणखी तीन. मग आणखी.
नऊ वेळा मी त्याची तारीख पुढे ढकलली.
पगार वाढला का? वाढला.
ऑर्डर धावत आली, ओव्हरटाइम तिच्यामागे,
आणि पगार,
कठड्याला धरून एकेक पायरी.

मग इमारती थांबल्या.
क्रेन तशाच राहिल्या, हात लांब करून.

बैठकीत विसेंत म्हणाला, पगाराला हात लावायचा नाही.
युनियन आहे, शिवाय
पगार कापलेला माणूस आत राहून तोंड पाडतो,
काढलेला निदान फाटकाबाहेर.
कुणी हसलं नाही. सगळ्यांना पटलं.
रकाना जागच्या जागी राहिला.
ओळी गेल्या.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
भट्टीवाल्याला विचारा.
ओल राहिलेली फरशीच आधी फुटते,
सुकी निभावते.

योनेलला कुणी काढलं नाही.
त्याची तारीख आली, एवढंच.
हिशेब घ्यायला आला तेव्हा त्यानं विचारलं,
माझं काही चुकलं का?
कारणाच्या रकान्यात आम्ही नुसते आकडे लिहितो.
मी पाच लिहिला.
पाच म्हणजे मुदत संपली.

फेब्रुवारीत दोन नंबरची भट्टी विझवली.
थंड व्हायला दोन दिवस लागले.
तिच्या उबेला निजणारी मांजरं
तिसऱ्या दिवशी रस्त्यावर दिसली.

आणि धाकटे मालक, ताज्या पदवीचे,
कागद नाचवत आले:
रेमेई, लोक मंदी मंदी करतात,
आपला सरासरी पगार सात टक्क्यांनी वाढलाय!
वाढलाच होता.
बुटकी मुलं घरी पाठवली
की वर्ग उंच होतो.
मी म्हटलं, हो.

सहा वर्षं.
माझ्या भाचीनं, रोझेरनं, त्याच सुमारास इंजिनियरची पदवी घेतली
आणि मिळालं ते काम धरलं, गोदामात.
आता गोदाम सुटलंय,
पण ती पगार सांगताना अजून आवाज खाली घेते.

ऑर्डर आल्या. मोरोक्को, मग फ्रान्स.
आहेत त्यांनाच आधी दोन तास जास्त थांबवलं.
मग एजन्सीची माणसं.
मग, बऱ्याच उशिरानं, करार.
योनेल आला. कानशिलं पांढरी, बूट मापाचे.
नवा क्रमांक, नवी पगारश्रेणी:
गेला तेव्हा होता त्याहून दोनशे युरो कमी.
तीच भट्टी, तोच रूळ, तेच हात.
छपाईची चूक? त्यानं चिठ्ठी पुढे केली.
नाही, मी म्हटलं.
त्यानं ती चार घड्या घालून खिशात ठेवली,
आणि विचारलं, मांजरं कुठायत?

त्या महिन्यात सरासरी घसरली.
धाकटे मालक दिवसभर काळजीत होते.

संध्याकाळी त्याच्या नव्या ओळीला जागा करताना
क्रमांकांत मधेच उडी दिसली:
एकशे बारा, मग एकदम एकशे छप्पन्न.
आठवलं. तेव्हा मी ओळी पुसल्या नव्हत्या,
नुसत्या लपवल्या होत्या.
दार लावून घेतलं.
बटण दाबलं: दाखवा.
त्रेचाळीस जण, आपापल्या जुन्या पगारासह,
एकाखाली एक उभे राहिले.